रात्री साडेनऊचा सूर्योदय

स्वयंपाकघरातून "फक्त पाचच मिनिटं!" ही आरोळी सातव्यांदा आली तेव्हा दिवाणखान्यातल्या अकरा पाहुण्यांनी खाऱ्या दाण्यांची तिसरी वाटी संपवली होती. बोलावणं साडेसातचं होतं. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. अकरा जणांपैकी फक्त काकांच्या हातात पेला होता, पण त्यात पाणी होतं आणि तेही रक्तदाबाच्या गोळीसाठी मागून घेतलेलं.

आत ओट्यापाशी यजमान उभे होते. तेलाच्या बरणीला टेकवलेल्या मोबाईलवर एक दाढीवाला बार्टेंडर तीच क्रिया सोळाव्यांदा करून दाखवत होता. यजमानांच्या उजव्या हातात पालथा चमचा, डाव्या हातात निळ्या द्रवाची वाटी, दातांत संत्र्याची साल. कुणी आत डोकावलं की ते मान न वळवता, ओठ न हलवता म्हणत, "हलू नका, थर फिसकटतो." एरवी पोहे करायला घेतले तरी "मीठ कुठंय?" असं बायकोला विचारणारा हा माणूस दुपारी चारपासून स्वयंपाकघरात होता. बायको दारात उभी राहून हा चमत्कार बघत होती. तिच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हतं. ओटा कोण पुसणार, याचा हिशेब होता.

मध्यमवर्गीय मराठी घरात दारू आणि दिसणं यांचं नातं एका पिढीत पार उलटं झालं आहे. आधीच्या पिढीची सगळी कला दारू न दिसण्यात होती. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून यायची, आणि ती अशा काही खास पद्धतीने गुंडाळलेली असायची की आत काय आहे ते नाक्यावरच्या शाळकरी पोरालाही कळायचं. पेला स्टीलचा. दार लावलेलं, खिडकीचा पडदा ओढलेला, रेडिओ जरा मोठा. क्रियापदसुद्धा निरुपद्रवी शोधलेलं: 'बसणं'. "शनिवारी बसू या का?" या वाक्यात पोलिसांना किंवा आजीला आक्षेप घेण्यासारखा एकही शब्द नाही. कायद्यानेही हाच शालीनपणा पाळला. आपल्या राज्यात दारू पिण्याचा परवाना मिळतो तो १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा, आणि परवाना कशासाठी, तर आरोग्य राखण्यासाठी. लपवण्याची इतकी सोय सरकारनेच करून ठेवलेली असताना कुणी ग्लासात फूल कशाला खोचेल?

पण काळ बदलला आणि साडू न्यू जर्सीला गेले.

साडूंनी तिकडे तळघरात 'होम बार' केला आणि दर शनिवारी कौटुंबिक ग्रुपवर एक फोटो यायला लागला. कधी ग्लासातून धूर निघतोय, कधी कडेला मिठाची महिरप, कधी संत्र्याच्या सालीची बटवेणी घालून ती काठावर सोडलेली. खाली दोनच शब्द: 'जस्ट चिलिंग'. यजमान दोन वर्षं त्याखाली मुकाट अंगठा उमटवत राहिले. कर्जाच्या कागदावर उमटवावा तसा. मग डिसेंबरच्या सुट्टीत साडू सहकुटुंब पुण्याला येणार असं कळलं, आणि यजमानांनी ऑनलाइन खरेदीला सुरुवात केली.

शेकर आला. मापाची डमरूच्या आकाराची दोन टोकांची कपली आली. वेढ्यावेढ्यांचा, फूटभर लांबीचा चमचा आला. तो बघून आईने "लोणचं ढवळायला बरा आहे" असा अभिप्राय दिला. कागदी छत्र्या आल्या, शंभर नग, कारण त्याहून लहान पाकीट मिळत नव्हतं. आणि मार्टिनीचे सहा ग्लास आले. वरून परातीसारखा रुंद, खाली निमुळता, मधे काडी: हा पेला उभ्या माणसासाठी नाहीच, चालत्या माणसासाठी तर मुळीच नाही. स्वयंपाकघर ते दिवाणखाना हे अंतर सोळा पावलं, वाटेत एक उंबरा आणि एक नातू. रंगीत तालमीत भरून नेलेल्या ग्लासातलं निम्मं तीर्थ फरशीवर गेलं.

"डिशा फुटल्यात, सहा डिशा आणा, असं तीन महिने सांगतेय," बायको म्हणाली.

"अगं, हे प्रेझेंटेशन आहे."

"मग प्रेझेंटेशनमध्येच वाढते उद्या पोहे."

धुराचा बेत तिने पहिल्याच बैठकीत मोडून काढला. कोरडा बर्फ आणावा, ग्लासातून ढग निघावेत, असं यजमानांच्या मनात होतं. बायकोने वर्तमानपत्र वाचलेलं होतं. मार्च २०२४मध्ये गुरुग्रामच्या एका रेस्टॉरंटात माउथ फ्रेशनर समजून पाच जणांनी कोरडा बर्फ तोंडात टाकला आणि त्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या. उणे ७८ अंशांची ती वस्तू घरात आणलीत तर मी माहेरी जाते, असं तिने सांगितलं. पाहुणे तिच्याच माहेरचे असल्यामुळे ही धमकी जरा गुंतागुंतीची होती, पण लागू पडली.

आता बर्फाचं. बर्फाचं खातं प्रस्तुत लेखकाकडे होतं, आणि त्या रात्रीच्या घटनांची जी काही जबाबदारी त्याच्यावर येते ती तो इथेच कबूल करून टाकतो.

फ्रिजच्या ट्रेमधला बर्फ मधोमध पांढुरका असतो. चारही बाजूंनी एकदम गोठत जाताना पाण्यातली हवा आणि क्षार मध्यभागी कोंडले जातात, त्याचा तो ढग. पाणी दोनदा उकळलं की बर्फ काचेसारखा होतो असं म्हणतात. लेखकाने चारदा उकळलं, गॅस तेवढा संपला. खरी युक्ती वेगळी आहे. कॅम्पर इंग्लिश नावाच्या अमेरिकन लेखकाने २००९च्या सुमाराला ती दाखवून दिली. झाकण काढलेल्या, थंडी-उष्णता अडवणाऱ्या डब्यात पाणी भरून तो फ्रीझरमध्ये ठेवायचा. बाजू झाकलेल्या, त्यामुळे पाणी फक्त वरून खाली गोठत जातं आणि बुडबुड्यांना खाली खाली ढकलत नेतं. तळाचं पाणी गोठायच्या आत लादी बाहेर काढायची. वरचा बर्फ आरपार.

शास्त्रात काही खोट नव्हती. प्रश्न डब्याचा होता. लेखकाच्या घरी थर्मोकोलचा एकच डबा होता आणि तो मागच्या महिन्यात रत्नागिरीहून सुरमई घेऊन आला होता. तो साबणाने तीनदा धुतला, लिंबाने घासला, दोन दिवस उन्हात ठेवला. मग फ्रीझरमधले मटार, खोवलेला नारळ आणि गणपतीपासून राहिलेलं सारण शेजाऱ्यांकडे हलवून बावीस तास पाणी गोठवलं. निघालेली लादी अशी की खाली ठेवलेल्या पेपरातलं राशिभविष्य वाचता यावं. यजमानांचे डोळे भरून आले. वरवंटा आणि ब्रेडची सुरी घेऊन दोघांनी तिचे चौकोन पाडले. एक तुकडा उडून देवघरात गेला, तो आईने न बोलता तांब्यात टाकला.

बर्फाला वास नव्हता. निदान तो गोठलेला असेपर्यंत तरी नव्हता.

आमंत्रण देऊन बर्फापायी फजिती करून घ्यायची परंपरा आपल्याकडे तशी जुनी आहे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचं 'टस्कनी' जहाज १८३३मध्ये १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं तेव्हा शंभरेक टन शिल्लक होता. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या तळ्यातला बर्फ मुंबईतही उतरला आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्याकडच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम खिलवलं. 'मुंबई समाचार'ने बातमी दिली ती अशी की यजमान आणि पाहुणे, दोघांनाही सर्दी झाली. एवढ्या मोठ्या माणसाची जिथे ही गत, तिथे कोथरूडची काय कथा?

रंगाचं खातं खुद्द यजमानांकडे होतं. साडू आपल्या फोटोत ब्लू कुरासाव वापरतात हे त्यांनी हेरलं होतं. कुरासाव बेटावरच्या कडवट संत्र्यांच्या सालीची ही लिकर. निळा रंग बाहेरून घातलेला. होनोलुलूच्या हॅरी यी या बार्टेंडरने १९५७मध्ये तीच वापरून 'ब्लू हवाई' केलं आणि समुद्र ग्लासात आणला. यजमानांना मात्र अस्सल, देशी, नैसर्गिक निळा हवा होता. तो सोसायटीच्या कुंपणावर फुकट फुलत होता. गोकर्ण.

गोकर्णाची निळी फुलं कोमट पाण्यात टाकली की पाणी शाईसारखं होतं, लिंबू पिळलं की जांभळं. रंगद्रव्य तेच, आंबटपणाने रूप बदलतं. परदेशात या एका गुणावर जिनच्या महागड्या बाटल्या विकल्या जातात. पुण्यात त्या फुलांचं खातं आईच्या परडीत जमा होतं.

"देवाची फुलं कुठे गेली रे?" सकाळी आईने विचारलं.

"आई, एक प्रयोग चाललाय."

आईने पातेल्यातलं निळं पाणी बघितलं. "नीळ घातलीयस का? शर्ट कुठंय?"

यजमानांनी मग इतिहासाचा आधार घेतला. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर सतराव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर फिरला होता. गोव्यात नेरूळला उत्तम मद्य होतं आणि त्यात इतर जिनसा मिसळून इंग्रज जे पेय करतात त्याला 'पंच' म्हणतात, कारण हिंदुस्थानी भाषेत पंच म्हणजे पाच, असं त्याने लिहून ठेवलं आहे. "म्हणजे हे मिसळायचं सगळं मूळचं आपलंच, आई. पाच जिनसांचं."

आईने क्षणभर विचार केला. "पंचामृत म्हणतोस ते हे?"

"साधारण."

"मग मध घाल थोडा," असं म्हणून ती जास्वंदीकडे वळली.

संध्याकाळी तिच्याच शंकांना पुन्हा तोंड द्यावं लागलं ते पुदिन्यामुळे. पुदिना ग्लासात खोचण्याआधी तळहातावर ठेवून त्यावर एक टाळी मारायची असते. पानं चिरडली की कडवटपणा उतरतो, टाळीने नुसता वास सुटतो. यजमानांनी बारा ग्लासांसाठी बारा टाळ्या मारल्या. आतल्या खोलीतून आई डोक्यावरून पदर घेत बाहेर आली. "आरती लवकर काढलीत आज?"

फेसाची गोष्ट याहून नाजूक. व्हिस्की सावरवर पांढरा, साय धरल्यासारखा फेस येतो तो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा. पण शेजारचं जोडपं शाकाहारी. दारू चालते, अंडं नाही. ही तत्त्वनिष्ठा महाराष्ट्रात नवी नाही. उपाय मात्र नवा निघाला आहे: शिजलेल्या छोल्यांचं पाणी. जोएल रोसेल या फ्रेंच माणसाने २०१४मध्ये दाखवलं की कडधान्याचं हे चिकट पाणी घुसळलं तर अंड्यासारखंच फुलतं. जगभरचे बार्टेंडर त्यावर खूश आहेत. इथे मात्र जेवणात छोलेच होते आणि ते पाणी बायकोने रश्शासाठी राखून ठेवलं होतं. ओट्यावर दहा मिनिटं वाटाघाटी झाल्या. अर्धा अर्धा वाटा ठरला.

यजमानांनी शेकरमध्ये व्हिस्की, लिंबू, साखरेचा पाक, छोल्यांचं पाणी घातलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, चव हलकी व्हावी म्हणून सोडाही घातला. शेकरमध्ये सोडा घालायचा नसतो, हे त्या दाढीवाल्याने दुसऱ्याच मिनिटाला सांगितलेलं. यजमानांनी ते मिनिट पुढे ढकललं होतं. त्यांनी खांद्यावर शेकर घेऊन, फोटोतल्या साडूंसारखं, ढोल बडवल्यागत हलवायला सुरुवात केली.

झाकण आधी ट्यूबलाइटला लागलं. मग फेस छताला. खाली राहिलेलं यजमानांच्या अंगावर.

"काय झालं?" बाहेरून काका.

"काही नाही! पाचच मिनिटं!" ही चौथी आरोळी.

दुसरा हप्ता सोड्याविना हलवला, तर शेकर उघडेना. आतलं थंड पडलं की स्टीलचे दोन भाग एकमेकांना घट्ट धरून बसतात. मेहुण्यांनी दाराच्या फटीत अडकवून बघितलं, लेखकाने फडक्यात धरून पिळला, शाकाहारी शेजाऱ्यांनी ओट्याच्या कडेवर आपटला. शेवटी आई आली. तिने गरम पाण्याची धार सोडली, लाटण्याने कडेला दोन टोले मारले आणि लोणच्याची बरणी उघडावी तसा उघडून यजमानांच्या हातात दिला. "त्यात काय एवढं," असं म्हणालीसुद्धा नाही. त्यामुळे जास्त लागलं.

पण रात्रीचा मुकुटमणी होता सूर्योदय. टकिला सनराइझ. आजच्या रूपातलं हे पेय सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सॉसलिटो गावात एका बारमध्ये जन्मलं आणि रोलिंग स्टोन्सच्या १९७२च्या दौऱ्याने ते जगभर नेलं. टकिला, संत्र्याचा रस, आणि काठावरून हळूच सोडलेलं डाळिंबाचं ग्रेनेडिन. ग्रेनेडिन तळाशी जाऊन बसतं आणि लालीतून केशरी उजाडत येतं. यजमानांनी त्याचा 'कोकणी सूर्योदय' करायचं ठरवलं. टकिलाच्या जागी व्होडका, कारण घरात ती होती. डिसेंबर असल्यामुळे नागपुरी संत्री. तळाला कोकम. आणि सगळ्यात वर गोकर्णाने निळी केलेली व्होडका, पालथ्या चमच्यावरून थेंब थेंब सोडलेली, जी संत्र्याच्या आंबटाला भिडते तिथे जांभळी होते. लाल, केशरी, जांभळं, निळं. साडूंच्या तळघरात असलं काही होणं शक्य नव्हतं.

यामागचं शास्त्र पाचवीच्या मुलालाही समजेल असं आहे. लिटरभर पाणी एक किलोचं. साखर-पाणी समसमान घेऊन केलेला पाक लिटरला सव्वा किलोच्या जवळ जातो. व्होडका साडेनऊशे ग्रॅममध्ये आटोपते. जड खाली, हलकं वर. हात कापला नाही आणि माणूस भुकेला नसला की थर जमतात. एका ग्लासाला आठ मिनिटं लागत होती. ग्लास बारा. शहाण्णव मिनिटं. पाहुणे खाऱ्या दाण्यांवर का जगत होते, त्याचा उलगडा इथे होतो.

कोकम वेंगुर्ल्याच्या मावशींकडून आलेलं, दोन बाटल्यांत. एकीत गोड सरबताचा अर्क, दुसरीत आगळ. आगळ म्हणजे सोलकढीसाठी लागणारा कोकमाचा खारवलेला रस. मीठ इतकं की वर्षभर टिकावा. दोन्ही गडद लाल, दोन्ही जड, आणि कोकणातल्या रिवाजाप्रमाणे दोन्ही रमच्या जुन्या बाटल्यांत भरलेले. ज्या घरात एकेकाळी रम स्टीलच्या पेल्यात लपायची त्या घरात आता रमच्या बाटलीत कोकम उघड्यावर उभं होतं, आणि कोणत्या बाटलीत काय हे फक्त बायकोला माहीत होतं. तिला विचारायला दोन सेकंद लागले असते. पण "मीठ कुठंय?" विचारणाऱ्या माणसाने आज काहीही न विचारण्याचा पण केला होता. त्या प्रश्नाचं उत्तर खरं तर बाटलीतच होतं.

बरोबर साडेनऊला दिवाणखान्यातले दिवे मालवले गेले.

हे का, ते कुणाला कळेना. मेहुण्यांना माहीत होतं. त्यांचं साड्यांचं दुकान, गल्ल्यावर नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा दिवा. टॉनिक वॉटरमध्ये क्विनीन असतं आणि त्यावर अतिनील किरण पडले की ते निळं चमकतं. जॉर्ज स्टोक्सने १८५२मध्ये केंब्रिजमधून याच क्विनीनच्या द्रावणावर निबंध लिहिला आणि या चमकण्याला 'फ्लुअरेसन्स' हे नाव दिलं. सूर्योदयाच्या मागून, पडदा उघडावा तसा, जिन-टॉनिकचा चमकता ट्रे यावा अशी योजना होती. मेहुण्यांनी दिवा लावला.

टॉनिक चमकलं. खरोखर सुंदर चमकलं. पण विज्ञान पंक्तिभेद करत नाही. कपडे धुण्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी चमकणारं द्रव्य असतं, त्यामुळे लेखकाचा शर्ट पेटल्यासारखा उजळला आणि आत तो नसल्यागत झाला. हळदीतला कर्क्युमिनही या उजेडात पिवळट हिरवा चमकतो, त्यामुळे 'परवाच ड्रायक्लीन केलेल्या' सोफ्यावर आठेक वर्षांच्या वरणाचे थेंब नक्षत्रांसारखे उगवले. काका हसले. खरे दात या उजेडात पांढरे दिसतात, कवळीचं तसं नसतं. काकांच्या तोंडात नुसता काळोख दिसला. न्यू जर्सीची भाची किंचाळली. मेहुण्यांनी गडबडीत खिशातली पाचशेची नोट काढून दिव्याखाली धरली. ती खरी निघाली.

"लाइट लावा आधी," बायको म्हणाली. दिवे लागले.

आणि मग ट्रेमधले बारा सूर्योदय सगळ्यांनी पाहिले. कुणी काही बोललं नाही. मराठी माणसाकडून याहून मोठी दाद मिळत नसते. तळाशी लाल, त्यावर संत्र्याचं ऊन, जांभळी कड, निळं आभाळ, मधे आरपार बर्फाचा चौकोन, पुदिन्याचा तुरा, कागदी छत्री. साडू उठून उभे राहिले. "वॉव," ते म्हणाले. दोन वर्षांच्या अंगठ्यांची वसुली त्या एका शब्दात झाली.

कुणी ग्लासाला हात लावायच्या आत मेहुणी ओरडली, "थांबा, फोटो!" ग्लास खिडकीपाशी गेले, तिथून टीव्हीच्या टेबलावर, तिथून गच्चीत. एकेकाने वेगवेगळा काढला, मग सगळ्यांनी मिळून, मग साडूंनी ग्लास आणि यजमान असा एक, मग एक व्हिडिओ, ज्यात यजमानांनी ओतल्याचा अभिनय केला. सतरा मिनिटं गेली. बर्फ वितळायला लागला. बर्फ वितळला तसा तो बोलायला लागला.

"माशाचा वास येतोय का?" शाकाहारी शेजारीणबाई म्हणाल्या.

"कोकणी आहे ना," लेखक घाईने म्हणाला.

काका आता तासाभरापासून धीर धरून होते. त्यांनी ग्लास ओढला, छत्री काढून खिशात ठेवली, पुदिना बशीत ठेवला, आणि सरबत ढवळावं तसा चमचा तळापर्यंत घालून खणखण तीन वेढे मारले. आठ मिनिटांचे चार थर एका क्षणात गढूळ विटकरी झाले. यजमानांच्या तोंडून बारीक आवाज आला.

"साखर खाली बसलीय रे," काका म्हणाले आणि मोठा घोट घेतला.

त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते साखरेचं नव्हतं. बाकीच्यांनीही घोट घेतले. दिवाणखान्यात अकरा माणसं एकाच वेळी डोळे मिटून थांबली. पहिल्या लाटेला समुद्रात तोंड उघडं राहिलेली माणसं अशीच दिसतात. दारात उभ्या बायकोने नुसतं कपाळाला हात लावला. तिला बाटली कळली होती.

फक्त साडूंनी आणखी एक घोट घेतला. ग्लास दिव्यासमोर धरला. "इंटरेस्टिंग. सॉल्ट काठाला न लावता आतूनच दिलंय. आणि मागाहून एक... ओशन नोट येते."

साडूंना हसू नये. बोर्दोच्या वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग मिसळून दिली तेव्हा त्यांनीही तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं होतं. २००१मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. डोळ्यांनी एकदा पसंत केलं की जीभ निमूट सही करते. आणि यजमानांना तर हसायचा प्रश्नच नव्हता. "हो," ते म्हणाले, "मुद्दामच तसं ठेवलंय."

दहा वाजता काकांनी विषय गोव्याकडे नेला. मार्च-एप्रिलात काजूचा हंगाम असतो, बोंडूच्या रसाची पहिल्या धारेची उर्राक निघते. साध्या काचेच्या ग्लासात उर्राक, वर लिंबाचा सोडा, मिठाची चिमूट आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. "मिरची उभी का चिरतात माहितेय?" काकांनी विचारलं. सगळे पुढे सरकले. "आडवी चिरली तर दोन मिरच्या होतात." यावर पहिल्यांदाच सगळे मोकळे हसले. फ्रिजमधून बिअर निघाली. मार्टिनीचे ग्लास सिंकमध्ये कोकमात रंगून पडले होते, म्हणून मेहुण्यांनी मांडणीवरून स्टीलचे पेले काढले. साडूंनीही एक घेतला. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

छोले जरा कोरडे झाले होते. त्याबद्दल बायको काही बोलली नाही, फक्त वाढताना यजमानांकडे एकदा बघितलं.

सकाळी मेहुणीने गच्चीतला तो फोटो दोन्हीकडच्या मंडळींच्या मोठ्या ग्रुपवर टाकला. या ग्रुपवर यजमानांची सांगलीची ऐंशी ओलांडलेली मावशी आहे आणि ती पहाटे पाचपासून जागी असते. तिचा निरोप सगळ्यांच्या आधी आला: "किती सुरेख रंग. कसलं सरबत रे हे?"

यजमान चहाचा कप बाजूला ठेवून लिहायला लागले. लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं. ग्रुपवर बराच वेळ ते 'टाइप करत' होते. बायको खांद्यावरून वाकून बघत होती.

"कोकम सरबत, मावशी."

"अगदी बाई. मिठाचं प्रमाण जपून हो, तुझ्या आईला बीपी आहे. आणि त्या दुसऱ्या ग्लासात वर तो पांढरा फेस कसला?"

इथे लपवण्यासारखं काहीच नव्हतं. यजमानांनी सुटकेचा श्वास टाकून खरं ते लिहिलं: "छोल्यांचं पाणी."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग उत्तर आलं.

"मावशीची थट्टा करतोस होय रे."